मानवी तस्करी आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था : पोस्ट शेअर करण्याआधी आणि पैसे पाठवण्याआधी काय पाहायचं?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात कोविडची दुसरी लाट जोरात असताना एका प्रकारचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर धडाधड फिरत होते. आई-वडील दोघंही कोविडने गेले आहेत, लहान बाळं मागे राहिली आहेत, कुणाला दत्तक घ्यायची असतील तर खालच्या नंबरवर फोन करा, असा साधारण मजकूर असायचा. लोकांनी ते कळवळून पुढे पाठवले. मात्र अशा मेसेजच्या आडून मुलांची विक्री होऊ शकते, असा इशारा केंद्र सरकार आणि बालहक्क आयोगाला द्यावा लागला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा दत्तक देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवर कडक कारवाई करण्याचे आदेश राज्यांना दिले.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांचा हेतू चांगला होता. अडचण अशी की मुलांना मदत करण्याची इच्छा आणि मुलांची तस्करी करणाऱ्यांना हवी असलेली घाई, या दोन्ही गोष्टी एकाच फोनवर एकत्र येतात. म्हणून या क्षेत्रात मदत करताना थोडी माहिती असणं गरजेचं आहे.

थोडक्यात

- मूल संकटात दिसलं तर आधी १०९८ किंवा ११२ वर फोन करा. पोस्ट टाकू नका.
- पीडित मुलाचा फोटो, नाव, शाळा, गाव शेअर करणं कायद्याने गुन्हा आहे.
- मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी असावीच लागते.
- सुटका एका दिवसात होते, पुनर्वसनाला अनेक वर्षं लागतात. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दर महिन्याची छोटी मदत संस्थांना जास्त उपयोगी पडते.

मानवी तस्करी म्हणजे नेमकं काय?

तस्करी म्हटलं की सीमेपलीकडे चोरून नेणं, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. कायद्यातली व्याख्या वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या आणि 'पालेर्मो प्रोटोकॉल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारात तस्करीचे तीन भाग सांगितले आहेत. पहिला भाग कृतीचा : माणसाला कामाला मिळवणं, नेणं, ठेवून घेणं किंवा कुणाच्या ताब्यात देणं. दुसरा भाग मार्गाचा : जबरदस्ती, फसवणूक, आमिष किंवा अडचणीचा गैरफायदा. तिसरा भाग हेतूचा : शोषण. व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर दुसरा भाग सिद्ध करण्याची गरज राहत नाही. 'मुलगी स्वतःहून आली' किंवा 'मुलाला काम हवंच होतं' हा बचाव तिथे संपतो. भारताने २०११ मध्ये या कराराला मान्यता दिली.

संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांवर बंदी घातलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करीची शिक्षा दिली आहे. पीडित व्यक्ती बालक असेल तर किमान दहा वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. एकापेक्षा जास्त बालकं असतील तर किमान शिक्षा १४ वर्षांची आहे. भीक मागायला लावणं हेही आता शोषणाच्या व्याख्येत स्पष्टपणे आलं आहे.

म्हणजेच तस्करीसाठी देशाची किंवा राज्याची सीमा ओलांडावी लागत नाही. शेजारच्या जिल्ह्यात नेलेलं मूलही तस्करीचं बळी असू शकतं.

तस्करी करणारा अनोळखीच असतो का?

बहुतेकदा नसतो. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात एक प्रकरण उघडकीला आलं. कातकरी कुटुंबांतली लहान मुलं मेंढ्या राखण्यासाठी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे ठेवली गेली होती. बदल्यात आई-वडिलांच्या हाती थोडे पैसे आणि एखादी मेंढी पडली होती. त्यातल्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला आणि मग सगळा प्रकार बाहेर आला. श्रमजीवी संघटनेने तो लावून धरला आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हे दाखल झाले.

या प्रकरणात कुठेही काळ्या काचांची गाडी नव्हती. होती ती घरातली उपासमार, हंगाम संपल्यावर संपणारं काम आणि मध्ये उभा राहिलेला ओळखीचा माणूस. मुलांची तस्करी साधारण अशीच होते. कामाचं, लग्नाचं, शिक्षणाचं किंवा सिनेमात संधी देण्याचं आश्वासन देणारा माणूस गावातला, नात्यातला किंवा निदान ओळखीतला असतो. आता यात इन्स्टाग्रामवर झालेल्या ओळखीचीही भर पडली आहे.

त्यामुळे धोका कुठल्या मुलांना जास्त, हे ओळखता येतं. शाळा सुटलेली मुलं, ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतली मुलं, एकट्या आईची मुलं, घरातून पळून रेल्वे स्टेशनवर आलेली मुलं, देहविक्रीच्या वस्त्यांत वाढणारी मुलं आणि बालविवाहाच्या उंबरठ्यावरच्या मुली. या मुलांपर्यंत आधी कोण पोचतं, दलाल की मदत, यावर पुढचं सगळं ठरतं.

'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हे मेसेज मदत करतात का?

या मेसेजनी माणसं मारली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकीसाठी फिरणारे लोक होते आणि त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या भागात आधीपासून मोबाइलवर पसरल्या होत्या.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची पाकिस्तानातली होती. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती बनवली होती. तिच्यात मोटरसायकलवरून मूल उचलणारे लोक शेवटी त्याला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तो शेवट कापून उरलेला भाग खरी घटना म्हणून फिरवला गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटनाच पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

अफवेचं दुसरं नुकसान लवकर दिसत नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत एका ऑनलाइन फर्निचर कंपनीच्या नावाने मुलांच्या विक्रीची खोटी कहाणी पसरली. त्या वेळी तिथली तस्करीविरोधी हेल्पलाइन चालवणाऱ्या 'पोलारिस' संस्थेला सांगावं लागलं की या कहाणीमुळे येणाऱ्या फोनच्या गर्दीत खऱ्या पीडितांना मदत करणं अवघड झालं आहे. खोटी माहिती पसरवणारा माणूस मदतीची रांग अडवून धरतो.

संस्था नेमकं काय काम करतात?

बातम्यांत छाप्याचे फोटो येतात, त्यामुळे सुटका म्हणजेच काम, असा समज होतो. प्रत्यक्षात कामाचे निदान चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळ्या प्रकारच्या संस्था आहेत.

*प्रतिबंध.* मूल धोक्यात जाण्याआधीचं काम. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' संस्थेने तिथल्या महिलांच्या मुलांसाठी रात्रीची पाळणाघरं सुरू केली. आईच्या कामाच्या वेळेत मुलाला जेवण, अभ्यास आणि झोपायला सुरक्षित जागा मिळाली, तर त्याच वस्तीत पुढची पिढी ओढली जाण्याची शक्यता कमी होते. अहिल्यानगरच्या 'स्नेहालय'ची सुरुवातही १९८९ मध्ये देहविक्रीच्या वस्तीतल्या मुलांसाठीच्या कामातून झाली.

*शोध आणि सुटका.* सुटकेचा अधिकार पोलिसांचा आणि सरकारी यंत्रणेचा असतो. संस्था माहिती देतात, सोबत राहतात, मुलाला धीर देतात. १९८० मध्ये सुरू झालेलं 'बचपन बचाओ आंदोलन' बालमजुरांच्या सुटकेसाठी ओळखलं जातं. त्याचे संस्थापक कैलाश सत्यार्थी यांना २०१४ मध्ये मलाला युसुफझाई यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळालं. याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. म्हणून 'चोवीस तास वाट बघा' असं पोलीस ठाण्यात कुणी सांगितलं तर ते ऐकून परत यायचं नाही.

*खटला.* साक्षीसाठी मुलाला वर्षानुवर्षं न्यायालयात यावं लागतं. वकील, समुपदेशक, प्रवासखर्च, धमक्यांपासून संरक्षण, यासाठी संस्था लागतात. या कामाला देणग्या सर्वांत कमी मिळतात, कारण त्याचे फोटो काढता येत नाहीत.

*पुनर्वसन.* गोव्यात वास्कोजवळच्या बायणा इथे काम सुरू केलेल्या 'अर्ज' या संस्थेने सुटलेल्या महिलांसाठी 'स्विफ्ट वॉश' नावाची यांत्रिक लाँड्री चालवली. यामागचा विचार साधा होता. हातात पगार नसेल तर सुटलेली व्यक्ती पुन्हा त्याच दलालाकडे जाते. मुलांच्या बाबतीत पगाराच्या जागी शाळा, घर आणि विश्वासाचं माणूस येतं.

संस्था खरी आहे हे कसं तपासायचं?

वेबसाइट चकचकीत असणं हा पुरावा नाही. पुढच्या गोष्टी बघाव्यात.

१. *ट्रस्ट किंवा संस्था म्हणून नोंदणी.* महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक मागितल्यावर लगेच मिळायला हवा. हिशेब दरवर्षी तपासून सादर करणं संस्थेवर बंधनकारक असतं.

२. *मुलं राहत असतील तर बाल न्याय कायद्याची नोंदणी.* २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ नुसार अनाथ किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला ही नोंदणी लागते, मग ती सरकारी अनुदान घेत असो वा नसो. नोंदणी न करता बालगृह चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आम्ही सेवा करतो, आम्हाला कागद कशाला' असं म्हणणाऱ्या 'आश्रमा'ला पैसे देऊ नयेत.

३. *मुलं आली कशी?* चांगल्या संस्थेत प्रत्येक मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलेलं असतं. सापडलेल्या मुलाला २४ तासांत या समितीपुढे हजर करावं लागतं. मुलं थेट गावातून गोळा करून आणली जात असतील तर तो धोक्याचा इशारा समजावा.

४. *'दर्पण' पोर्टल.* नीती आयोगाच्या या पोर्टलवर संस्थेची माहिती आणि क्रमांक सापडतो. मात्र माहिती संस्थेनेच भरलेली असते. ती उपयोगी आहे, पण तिला चांगल्या कामाचं प्रमाणपत्र समजू नये.

५. *वार्षिक अहवाल.* किती मुलांना वाचवलं, हा आकडा पुरेसा नाही. मागच्या वर्षांतली किती मुलं शाळेत टिकली, किती घरी परतली, घरी गेल्यावर कुणी जाऊन पाहिलं का, हे लिहिलेलं असेल तर संस्था गंभीर आहे असं समजावं.

६. *बालसुरक्षा धोरण.* मुलांना कोण भेटू शकतं, फोटो कोण काढू शकतं, कर्मचाऱ्याबद्दल तक्रार कुठे करायची, याचे लेखी नियम असायला हवेत.

कागद पूर्ण असूनही घात होऊ शकतो, हे बिहारमधल्या मुजफ्फरपूरने दाखवलं. तिथलं मुलींचं बालगृह सरकारी पैशावर एक संस्था चालवत होती. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून २०१८ मध्ये तिथले लैंगिक अत्याचार बाहेर आले आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यामुळे 'नोंदणी आहे का?' यानंतरचा प्रश्न असा विचारावा : 'बाहेरचं कोण येऊन तपासतं आणि मुलांशी एकट्याने बोलतं?'

पैसे द्यायचे तर कसे?

- *वैयक्तिक क्यूआर कोडवर पाठवू नका.* पैसे संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच जायला हवेत. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी समोर येणारं नाव नीट वाचा. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.
- *दरमहा थोडी रक्कम.* समुपदेशकाचा पगार, घरभाडं आणि धान्य हे खर्च दर महिन्याला येतात. दिवाळीत मिळालेल्या एका मोठ्या देणगीपेक्षा वर्षभर येणारे ५०० रुपये नियोजनाला जास्त मदत करतात.
- *पगारावरचा खर्च पाहून बिचकू नका.* अत्याचार सोसलेल्या मुलासोबत काम करायला शिकलेलं, अनुभवी माणूस लागतं. 'शंभर टक्के पैसे थेट मुलांना' असा दावा ऐकायला गोड असला तरी मग हिशेब, समुपदेशन आणि देखरेख कोण करतं, हा प्रश्न उरतोच.
- *करसवलत.* '८०जी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत, जुन्या करप्रणालीत, बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट ठरावीक मर्यादेत मिळते. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती लागू होत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. सवलतीसाठी नुसती पावती पुरत नाही. संस्थेने प्राप्तिकर खात्याकडे देणगीची नोंद करून दिलेलं प्रमाणपत्र लागतं.
- *परदेशात राहणारे मराठी लोक.* भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी ठरते. अशी देणगी फक्त परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आधी जमा व्हावी लागते. 'माझ्या भाच्याच्या खात्यात टाका, मी पोचवतो' हा मार्ग संस्थेलाच अडचणीत आणतो.

वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करावा का?

केक, फुगे, सेल्फी आणि तासाभराने निघून जाणं, हा प्रकार सर्रास दिसतो. मुलांच्या बाजूने पाहिलं तर दर आठवड्याला नवे चेहरे येतात, लाड करतात आणि पुन्हा कधी दिसत नाहीत. आधीच माणसं गमावलेल्या मुलांना हे जड जातं. शिवाय वाटेल त्याला मुलांपर्यंत सहज पोचता येणं हीच मोठी जोखीम आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने 'अनाथालय तस्करी' हा शोषणाचा प्रकार म्हणून मान्य केला. पाहुणे आणि देणग्या मिळाव्यात म्हणून काही देशांत पालक असलेली मुलंही अनाथालयांत आणून ठेवली जातात, हे त्यामागचं कारण होतं.

संस्थेत जायचंच असेल तर काय लागतं ते आधी विचारावं. बहुतेकदा उत्तर कंटाळवाणं असतं : सॅनिटरी पॅड, गणिताची शिकवणी, हिशेबाचं काम, दाताचा डॉक्टर, संगणकाची दुरुस्ती. वर्षभर दर शनिवारी दोन तास देणारा माणूस संस्थेला हवा असतो. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी मागितली तर राग मानू नये. तसं मागणारी संस्था मुलांना जपते, असाच त्याचा अर्थ होतो.

पैसे नसतील तर काय करता येईल?

बाल न्याय कायद्याचं तत्त्व असं आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मूल स्वतःच्या घरी सुरक्षित राहू शकत असेल तर त्या घराला आधार द्यायचा. त्यासाठी सरकारी योजना आहेत, पण गरजू कुटुंबांना त्या माहीत नसतात.

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ, एकल पालक असलेल्या किंवा संकटातल्या कुटुंबांतल्या मुलाला दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मधल्या प्रायोजकत्व योजनेत ही रक्कम दरमहा ४००० रुपये आहे. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची असते. घरकाम करणाऱ्या ताईंचा नवरा वारला असेल आणि मुलगी दहावीत असेल, तर अर्ज भरून देणं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात सोबत जाणं, ही तस्करीविरोधी कामाचीच पहिली पायरी आहे. शाळेत टिकलेली मुलगी दलालाच्या हाती सहज लागत नाही.

सोशल मीडियावर काय करू नये?

*पीडित मुलाची ओळख उघड करू नये.* बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो कायद्याची बंदीही लागू होते. २०१८ च्या कठुआ प्रकरणात मुलीची ओळख उघड करणाऱ्या अनेक माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. 'न्याय मिळावा' म्हणून टाकलेला फोटो दहा वर्षांनी त्या मुलाच्या नोकरीच्या किंवा लग्नाच्या वेळी समोर येऊ शकतो.

*अत्याचाराची चित्रफीत निषेधासाठीही पुढे पाठवू नये.* ती पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-बी खाली गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असं साहित्य पाहणं आणि साठवून ठेवणंही गुन्ह्याच्या कक्षेत येतं. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते.

*दत्तक देण्याच्या पोस्ट पसरवू नयेत.* भारतात अनाथ, सोडून दिलेल्या मुलांचं कायदेशीर दत्तक केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवरून होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून, ओळखीच्या डॉक्टरकडून किंवा स्टँपपेपरवर ते होत नाही. मुलाची खरेदी किंवा विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. मूल ताब्यात असलेल्या रुग्णालयाच्या माणसांनी हे केलं तर शिक्षा तीन ते सात वर्षांची.

*हरवलेल्या मुलाची जुनी पोस्ट फिरवू नये.* पोस्टवर तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव आहे का, ते पाहावं. शक्य असेल तर पोलिसांच्या अधिकृत खात्यावरची पोस्टच पुढे पाठवावी आणि मूल सापडल्यावर आपली पोस्ट काढून टाकावी.

मूल संकटात दिसलं तर कुठे कळवायचं?

- *१०९८* : मुलांसाठीची चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन. १९९६ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा उपक्रम म्हणून ती सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेमार्फत चालवली जाते आणि ११२ शी जोडलेली आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं.
- *११२* : जिवाला धोका असेल, मारहाण सुरू असेल किंवा मुलाला कुठे नेलं जात असेल तर.
- *१३९* : रेल्वेत किंवा स्टेशनवर. रेल्वे सुरक्षा दल एकट्या सापडलेल्या मुलांसाठी आणि तस्करी रोखण्यासाठी मोहिमा चालवतं.

फोनवर तीन गोष्टी नीट सांगाव्यात : जागा, मुलाचं अंदाजे वय आणि वर्णन, आणि नेमकं काय दिसलं. गाडी असेल तर नंबर. संशयिताला स्वतः अडवू नये, मुलाला घरी घेऊन जाऊ नये, चित्रीकरण करत मागे लागू नये. दलाल सावध झाला की मुलाची जागा बदलते आणि पुरावा जातो. पर्यटक आणि वाटसरू मात्र एक गोष्ट बिनधास्त करू शकतात. ढाब्यावर, गॅरेजमध्ये किंवा कुणाच्या घरी १४ वर्षांखालचं मूल राबताना दिसलं तर १०९८ लावून कळवू शकतात. या वयाच्या मुलाला असं कामाला ठेवणं हा गुन्हा आहे.

मुलाला एकटं, घाबरलेलं पाहून फोन केला आणि नंतर सगळं ठीक निघालं, तरी त्यात कुणाचं नुकसान होत नाही. दहा हजार शेअर झालेली पोस्ट मुलापर्यंत पोचेलच असं नाही. १०९८ वर आलेल्या फोनची मात्र नोंद होते आणि कुणीतरी माणूस त्या पत्त्यावर जाऊन पाहतो. फोनमध्ये हा नंबर आजच सेव्ह करून ठेवता येईल.